पत्नीच्या रकान्यातली रेघ

तुळशीदास मास्तर पाड्यावर आला की आधी खळ्यात उभा राहून नागलीच्या ढिगाकडे बघायचा, दोन दाणे तोंडात टाकायचा आणि मग घराकडे वळायचा. त्या रविवारी मात्र ढीग राहिला ढिगाच्या जागी. स्कूटी उभी केली, डोक्यावरचं हेल्मेट तसंच, आणि ओटीवर चढता चढता म्हणाला, "वहिनी, प्लॉटचा कागद परत आला."

ठकी नागली पाखडत होती. तिचा हात थांबला नाही, पण सूप तिरकं झालं आणि भुशाबरोबर चांगले दाणेही उडाले.

"परत म्हंजे?"

"नामंजूर नाही. पण मंजूरही नाही. आक्षेप काढलाय."

आक्षेप हा शब्द ठकीला घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. जामसर गावाच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेला अडीच एकराचा उतार, त्याला सगळे प्लॉट म्हणत. सासऱ्याने, तुकाने, तिथले दगड वेचले. तिच्या माणसाने, रघुने, आणि तिने बांध घातले, नागली लावली, वरई लावली. पण सरकारच्या नकाशावर ते जंगलच. वनहक्काचा कायदा आला तेव्हा रघुने दावा टाकला. मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली, मधे फाईल हरवली, सापडली. या प्लॉटवर नागलीपेक्षा आक्षेपच जास्त पिकतात, असं रघु म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी रघु गेला. फाईल मात्र ठणठणीत होती, आणि आता सोळा वर्षांनी शेवटच्या टेबलावर पोचली होती.

झोडणीसाठी सगळी गोळा झालेलीच होती. थोरला मुलगा चंदू बोईसरच्या कारखान्यातून चार दिवसांची सुट्टी काढून आला होता. धाकटी करिष्मा मोखाड्याकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवायची, तीही आली होती. आणि मास्तरची मुलगी प्रतिक्षा, जव्हारला कॉलेजात इतिहास शिकवणारी, शनिवारपासूनच मोठ्या आईकडे, म्हणजे ठकीकडे, मुक्कामाला होती. पोरांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती खांबाला टेकून बसली होती.

तुळशीदासने, रघुच्या धाकट्या भावाने, हेल्मेट काढलं, पाणी प्यायला आणि शाळेत सूचना वाचावी तसं सांगितलं, "मंगळवारी ग्रामसभा आहे. रघुदादाच्या जागी वारसाचं नाव लावून ठराव द्यायचा आहे. मी म्हणतो, चंदूचं एकट्याचं नाव लावू. सोपं काम. महिन्याभरात पट्टा हातात."

"आणि माझं?" ठकीने विचारलं.

मास्तरने पुन्हा तांब्या उचलला. तांब्यात पाणी नव्हतं.

"वहिनी, कायदा नवरा-बायको दोघांचं नाव लावा म्हणतो, खरंय. पण त्याला... म्हणजे कागदावर... लग्न लागतं ना."

झालं! जे कोणी या घरात कधी बोलत नव्हतं ते मास्तर भर दुपारी ओटीवर बोलून बसला. कारण रघु आणि ठकीचं लग्न झालेलं नव्हतं. तुका आणि फागीचंही झालेलं नव्हतं. या घरात शेवटचं लग्न लागलं ते आजेसासऱ्याचं, नवसूचं, आणि त्या लग्नाने त्याचं आयुष्य खाल्लं. शेठने मांडवाला पैसे दिले आणि त्या बदल्यात नवसू त्याचा लग्नगडी झाला. नवरा शेतावर, बायको शेठच्या घरात, ना मजुरी, ना सुटका. पुढे लाल बावट्याच्या साली सगळ्या मुलखाने वेठ नाकारली, तसा नवसूही शेठच्या बांधावर जाऊन बसला आणि उठला तो मोकळा होऊनच. घरी येऊन त्याने सांगितलं, आता या घरात लग्न नाही. बाई आणा, चूल पेटवा, नांदा. पण लग्नापायी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.

तसं बघायला गेलं तर पाड्यावर बिनलग्नाचं नांदणं कुणाला नवं नव्हतं. बाई आधी घरात यायची, पोरं व्हायची, आणि हातात चार पैसे खुळखुळले की मग धवलेरी बोलवायची. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणते, तिच्या गाण्यावर लग्न लागतं. कुणी पोराच्या मांडवात स्वतःचंही उरकून घेई. पण या धोदड्यांच्या घराने उशिराही उरकलं नाही. सोळा वर्षांची ठकी डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन या ओटीवर चढली, फागीने तिच्या हातात पीठ दिलं, आणि संपलं. त्याला आता एकोणपन्नास वर्षं होत आली.

चंदूने मोबाईल खिशात टाकला. "आये, टेन्शन कशाला घेतेस? माझं नाव म्हंजे तुझंच ना!"

"मग माझं नाव म्हंजे तुझंच की," ठकी म्हणाली. "माझं लाव."

करिष्मा फिस्सकन हसली. चंदू काकाकडे बघू लागला. काकाने समजुतीचा सूर लावला. "वहिनी, मानापमानाचा विषय नाही हा. कागद टिकला पाहिजे."

"बरोबर हाय काकांचं," चंदू म्हणाला. "सीधी बात हाय."

पोटचा पोर असा चटकन पलीकडे जाऊन बसेल असं ठकीला वाटलं नव्हतं. तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली, जरा जास्तच जोरात.

एवढ्यात प्रतिक्षाने उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या. "बाबा, तो आक्षेप बघू."

"मी सांगितलं ना त्यात काय आहे ते."

"मग दाखवायला काय होतंय?"

मास्तरने नाखुशीनेच पिशवीतून कागद काढला. प्रतिक्षाने एकदा वाचला, मागचं पान उलटलं, पुन्हा वाचला. मग मोठ्याने वाचायला लागली. "दावेदार रघु तुका धोदडे यांच्या अर्जात पत्नीच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. दावेदार अविवाहित असल्यास चंदू रघु धोदडे हे वारस कसे, याचा ग्रामसभेने खुलासा करावा."

खळ्यात कोंबडी भुसा उकरत होती.

"म्हंजे?" चंदूने विचारलं. "म्हंजे मी कोण?"

"तू रेघेच्या पोटचा," करिष्मा म्हणाली आणि पदर तोंडावर धरून हसत सुटली. तिला भलत्या वेळी हसू यायचं, हा तिचा लहानपणापासूनचा रोग.

"हसू नको गं! काका, काय हाय हे?"

"तेच," प्रतिक्षा म्हणाली. "मोठी आई बायको नसेल तर दादाही मुलगा नाही. आईला बाजूला सारून तुला काही मिळायचं नाही, दादा. आणि बाबा, हा अर्ज कुणी भरला होता? अक्षर तुमचं आहे."

पाड्यावरच्या निम्म्या घरांचे अर्ज तुळशीदासनेच भरले होते. त्याच्यासारखं वळणदार अक्षर जव्हार तालुक्यात नव्हतं. तो चष्मा पुसायला लागला.

ठकीने सूप खाली ठेवलं. "रेघ मारायला कुणी सांगितली, तुळशा?"

रागावली की ती त्याला मास्तर म्हणायची. तुळशा म्हणाली याचा अर्थ ती रागाच्याही पुढे गेली होती. दहा वर्षांचा असल्यापासून तिने त्याला भाकरी बांधून आश्रमशाळेत धाडलं होतं.

"दादा समोरच बसला होता," मास्तर म्हणाला, आणि यापुढे एक अक्षर बोलला नाही.

ते वाक्य ठकीच्या काळजात कुसळासारखं रुतलं. समोर बसला होता. म्हणजे रघुला ठाऊक होतं? त्याच्या डोळ्यांदेखत रेघ मारली आणि तो गप्प बसला? का त्यानेच सांगितलं, की बाबा, लग्न नाही, तेव्हा नाव नाही? एका ताटात जेवलेला माणूस. तिला उठून विचारावंसं वाटलं, आणि विचारायला माणूस उरला नव्हता.

चंदू मात्र आता पुरता उलटा फिरला. आपलंच नाव धोक्यात आल्यावर माणसाला दुसऱ्याचं न्याय्य वाटायला लागतं. "आयेचं नाव लागलंच पायजे!" तो गरजला. "काका, तुमी केलं, आता तुमीच निस्तरा."

मास्तरकडे तोडगा तयार होता. तो आवाज खाली आणून म्हणाला, "सोमी धवलेरी अजून आहे. पंच्याऐंशी वर्षांची असेल. ग्रामसभेत वयस्कर माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो. तिने एवढंच सांगायचं, की रघु आणि ठकीचं लग्न मी लावलं. रेघ ही लिहिणाऱ्याची चूक. मिटलं."

"वा!" चंदू म्हणाला.

"चालेल की," करिष्माही म्हणाली. "एका वाक्याचा तं सवाल हाय."

"नाय चालणार," ठकी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"लग्न नाय झालं म्हंजे नाय झालं. आजेसासरा शेठच्या बांधावर मार खात बसला. सासू गेली तवा बी कुणी म्हणालं, मढं उचलायच्या आधी तरी हळद लावा, तं सासरा म्हणाला, नाय. आन मी आता चोरून लग्न लावू? तेबी मेलेल्या माणसाशी, आन खोट्या तोंडाने?"

"आये, प्लॉट जाईल!" चंदू कळवळून म्हणाला.

"आये, हट्ट नको गं," करिष्मा म्हणाली.

ठकीने प्रतिक्षाकडे बघितलं. ही तरी आपल्या बाजूची. पण प्रतिक्षाही हळूच म्हणाली, "मोठी आई, एकदा विचार कर." म्हणजे तीही गेली! ठकी उठली, भरलेलं टोपलं कमरेवर घेतलं आणि मागच्या अंगणात निघून गेली. एवढी माणसं घरात असून तिला त्या दिवशी रघु गेला तेव्हापेक्षाही एकटं वाटलं.

दुपार कलल्यावर प्रतिक्षा मागे आली. सोबत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होताच. तो तिच्या कडेवरच्या पोरासारखा सगळीकडे फिरायचा. ती बाजूला बसून तपासायला लागली.

"काय विचारलंय पोरांना?" ठकीने विचारलं.

"आधुनिक जगात समाज आणि राज्यं बदलली, त्यामागे कोणत्या शक्ती होत्या, ते लिहा. दहा गुणांना."

"मग? कोणत्या?"

"यंत्रं आली, कारखाने आले. नवे विचार आले, छापखान्यामुळे ते पसरले. युद्धं झाली. भुकेने लोक रस्त्यावर आले. संप, चळवळी. फ्रान्समध्ये राजा गेला, रशियात झार गेला, आपल्याकडे इंग्रज गेले." प्रतिक्षा बोटं मोजत होती. "पाच मुद्दे लिहिले की सात गुण देते मी."

ठकीने नागली ओंजळीत घेऊन फुंकली. "कंटाळा लिवला का कुणी?"

"कंटाळा?"

"आजेसासरा पार म्हातारा होता मी आले तवा. मी विचारलं, बाबा, तुमी त्या दिवशी बांधावर बसलात, भ्या नाय वाटलं? तं म्हणाला, भ्या रोजचंच होतं. त्या दिवशी कंटाळा आला. सकाळी उठलो आन पाय उचलंना. बाकीचे बी बसलेले दिसले, मग मी बी बसलो." ती थांबली. "तुझ्या पुस्तकातलं बी खरं असंल. लाल बावट्याची माणसं आली, त्यांनी सांगितलं, तवाच तं बाकीचे बसले. पण माणूस एकदा कंटाळला ना, की मग त्याला उठवता येत नाय."

प्रतिक्षाने पेन बंद केलं. "आणि तू?"

"मी बी कंटाळले आता. खोटं बोलून खरं ठरायचा कंटाळा आला." ठकीने ओंजळ टोपल्यात रिकामी केली. "पण मला येगळंच खातंय गं. रेघ मारली तवा तो समोर होता म्हणे. त्याच्या मनात मी कोण होते?"

याला प्रतिक्षाकडे मुद्दे नव्हते. ती जवळ सरकली आणि मोठ्या आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

सोमवारी ठकी एकटीच सोमीच्या घरी गेली. सोमी अंगणात उन्हाला बसली होती. कान तल्लख, जीभ त्याहून.

"ये गं धोदड्याची," ती म्हणाली. "तुझा मास्तर सकाळी येऊन गेला. साडी देतो म्हणाला. तीन पिढ्यात तुमच्या घरानं मला एक लग्न दिलं नाय. माझ्या सासूला बी दिलं नाय. आन आता मेलेल्याचं लाव म्हणतो!"

"म्हणूनच आले. तू खोटं बोलू नको, सोमी आजी. माझं लग्न लावलं असं सांगू नको."

सोमीने तिच्याकडे नीट बघितलं. "मग काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगितलं तं तुझा प्लॉट जाईल."

"जाऊ दे," ठकी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले, कारण ते काही तिला मनापासून जाऊ द्यायचं नव्हतं. त्या उताराचा दगड न् दगड तिच्या ओळखीचा होता.

"मी काय बोलायचं ते मी बोलीन," सोमी फणकारली. "ना मास्तरच्या सांगण्यानं, ना तुझ्या. जा आता."

मंगळवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला, मधे टेबल, टेबलाला नवा ग्रामसेवक. लातूरकडचा तरुण पोरगा, येऊन दोनच महिने झालेले. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत आणि तो दर वेळी दचकायचा. शेजारी सरपंच. तुळशीदास ठरावाची वही घेऊन बसला होता, कारण पाड्यावर ठराव लिहायचे ते त्यानेच. ठकी बायांच्या मधे बसली.

भाऊसाहेबाने आक्षेप वाचून दाखवला. "तर प्रश्न असा आहे की, ठकीबाई या मयत रघु यांच्या पत्नी आहेत का? लग्न झाल्याचं कुणी सांगू शकेल का?"

मास्तरने सोमीकडे बघितलं. सोमी काठी टेकत उठली.

"मी धवलेरी. या मुलखात सगळ्यांची लग्नं मी लावली. हिचं नाय लावलं."

चंदूने कपाळावर हात मारला. मास्तरची मान खाली गेली. बायांमध्ये कुजबुज सुटली, आणि ठकीला वाटलं, आता संपलं. प्लॉटही गेला, आणि चारचौघांत नावही गेलं. तरी तिने मान वर ठेवली.

"थांबा, मी बसले नाय अजून," सोमी ओरडली. "सरपंचा! तुझं लग्न मी कधी लावलं रे?"

सरपंच गडबडला. "माझं? आपलं ते... पोरीच्या मांडवात."

"पोरीचं आन तुझं एकाच दिवशी. मग ती पोरगी कुणाची होती?"

पटांगण हसलं. सरपंचही कसनुसा हसला. पण हसणं जसं सुरू झालं तसं हळूहळू विरत गेलं, कारण जो तो मनात आपला हिशोब लावायला लागला होता.

"बाई घरात आणायच्या आधी ज्यानं लग्न लावलं, त्यानं उभं राहावं," सोमी म्हणाली.

मागे दोन तरुण पोरं उठली, अलीकडेच जव्हारच्या हॉलमध्ये लग्न केलेली. पुढे तुळशीदास उठला. बाकी सगळी सभा बसलेली. म्हातारे बसलेले, म्हाताऱ्या बसलेल्या, सरपंच, पोलीस पाटील, सगळे मांडी घालून जमिनीकडे बघत बसलेले.

"बघा भाऊसाहेब," सोमी म्हणाली. "हिच्या नावाला रेघ मारायची तं या सगळ्यांना मारा. बाई घरात आली, चूल तिच्या हातात दिली, की ती बायको. लग्न आमी मागाहून लावतो, हातात पैसा आला की. मी सुद्धा तीन पोरांनंतर हळद लावली. आमच्यात असंच हाय, आजपासून नाय, कवाधरनं हाय. हे लिवून घ्या."

"ठकीचं नाव नसेल तं मी सही करायची नाय," बायांमधून रखमी म्हणाली. तिचाही दावा त्याच फाईलींच्या गठ्ठ्यात अडकलेला होता.

"मी बी नाय!"

"आमी कोणीच नाय!"

एकही बाई उठून उभी राहिली नाही, पण आवाज सगळ्या रांगेतून आले. भाऊसाहेब आधी घाबरला, मग त्याने खिशातून रुमाल काढून घाम पुसला. प्रतिक्षा पुढे होऊन म्हणाली, "सर, वडीलधाऱ्यांचा जबाब आणि गावाची रूढी ग्रामसभेने नोंदवली तर तोच पुरावा होतो. नियमात आहे."

"अहो, मला कुठे नको आहे!" तो म्हणाला. "मी तर सुटलो. फक्त अर्जात रेघ का होती, त्याचं कारण लिहून द्या. नाहीतर वरचे पुन्हा विचारतील."

तुळशीदास अजून उभाच होता. बाकीची दोन पोरं कधीच बसली होती.

"रेघ मी मारली," तो म्हणाला.

"ते ठाऊक हाय," करिष्मा मागून म्हणाली. चंदूने तिला गप्प केलं.

"माझ्या लग्नाला बाबा आले नाहीत." साठीच्या घरात आलेल्या माणसाचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "जव्हारला मांडव होता, बँड होता, पत्रिका छापल्या होत्या. माझ्या पगारातून, कुणाकडे हात न पसरता. बाबा त्या दिवशी प्लॉटवर दगड वेचत बसले. मी वाट बघत राहिलो. ते मनात राहिलं. बाबा गेले तरी राहिलं. दादाचा अर्ज भरायला बसलो, तो रकाना आला, आणि मला वाटलं, तुमच्या घरात लग्न नाही ना? मग नाही. मारली रेघ. हेडमास्तर होतो मी तेव्हा." तो ठकीकडे वळला. "मला माफ कर, वहिनी."

ठकी उठून पुढे आली. सभा वगैरे ती विसरून गेली होती. "आन तो? तो समोर बसला होता म्हणालास. त्याला ठाऊक होतं?"

तुळशीदासने मान हलवली. "त्याला कुठे वाचता यायचं? अंगठा द्यायच्या आधी त्याने विचारलं, ठकीचं नाव कुठं लिवलंस?"

"मग?"

"मी रेघेवर बोट ठेवलं. म्हटलं, हे." मास्तरने चष्मा काढला. "तो कागदावर वाकला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, एवढंसंच? आणि हसला. म्हणाला, ती केवढी हाय, आन नाव बघ केवढंसं! मग त्या रेघेवरनं बोट फिरवलं, दोनदा, आणि मग अंगठा दिला."

ठकीच्या छातीवरचा दोन दिवसांचा धोंडा उतरला, आणि ती त्या भरल्या सभेत हसायलाच लागली, आणि हसता हसता रडायला. रखमीने तिला धरलं. रघुने तिचं नाव मागितलं होतं. दिसलं तसं मानलं होतं, आणि त्यावर अंगठा दिला होता. देवा रे, आणि ती दोन दिवस त्या बिचाऱ्यावर संशय घेत बसली होती!

"मारीन तुला मास्तर, घरी चल तू," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, आणि मास्तरही रडता रडता हसला.

चंदू कधी जवळ येऊन उभा राहिला तिला कळलं नाही. "आये," तो म्हणाला, "रविवारी मी जे बोललो..."

"गप रे. खुर्ची आण काकाला, मघाधरनं उभा हाय तो."

चंदू खुर्ची घेऊन आला. तुळशीदास बसला, वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि सवयीने बारीक, वळणदार अक्षरात लिहायला लागला. पत्नी, दोन टिंबं, आणि पुढे ठ.

ठकी वहीवर वाकून बघत होती. तिने त्याचा हात धरला.

"एवढंसं नको," ती म्हणाली. "मोठं लिव. रकान्याच्या भाईर गेलं तरी चालंल."